गाळलेला आलेख

राजवर्धन सरांनी पुन्हा तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. शिवलीला मान खाली घालून बसली होती. भाषणाची चित्रं तिनंच आणून लावली होती; पोरीनं त्यातला तो आलेख काढून टाकलाय की तसाच ठेवलाय, काही कळायला मार्ग नव्हता. कोल्हापुरातलं ते सभागृह बाहेरगावच्या संशोधकांनी भरलं होतं, आणि पहिलं भाषण सरांचं होतं. त्यांना खुर्चीवर धड बसवत नव्हतं.

सरांचं सगळं नाव एका शोधावर उभं होतं. धातूच्या संयुगाचे दोन-चार अणूंच्या जाडीचे पातळ थर कार्बनमध्ये मिसळायचे आणि ते मिश्रण ॲसिडात धुऊन भट्टीत भाजायचं. नुसते थर एकमेकांना चिकटून बसतात. कार्बन त्यांना सुटं ठेवतो, आणि मग वीज दुपटीनं साठते. परदेशातूनही लोक सरांना त्याबद्दल विचारत.

काल दुपारी शिवलीला, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, प्रयोगशाळेतून धावतच आली होती.

"सर, थर न घालताच करून बघितलं. तोच कार्बन, तीच भट्टी, तेच ॲसिड. तरी वीज तेवढीच साठतीया."

"एकदा आलं म्हणून काय झालं?"

"पुन्हापुन्हा केलं की सर. आलेख तुमच्या उद्याच्या भाषणात घातलाय."

"काढून टाक!" सर गरजले. "आणि कुणापुढं बोलायचं न्हाय. पीएच.डी. पाहिजे न्हवं?"

"व्हय, सर" म्हणून ती गेली.

आता त्यांचं नाव पुकारलं. सर बोलू लागले. पडद्यावर एकेक चित्र सरकत होतं आणि दर बटणासरशी ते मान वळवून पडद्याकडं बघत होते. आलेखाची जागा आली. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर शेवटचं आभाराचं चित्र झळकलं. आलेख नव्हता.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण काहीतरी गाळलंय अशी शंकासुद्धा येऊ नये, इतक्या सफाईनं तिनं ते काम केलं होतं. साधं वजनसुद्धा दोनदा करून बघणारी ही पोर. इतक्या वर्षांत तिला जे शिकवलं, ते सरांनी काल एका दमात पुसून टाकलं होतं. आणि लपवायचं कसं, ते ती लगेच शिकलीही होती.

टाळ्या सुरू झाल्या. शिवलीलाही टाळ्या वाजवत होती.

"थांबा," सर माइकवर म्हणाले. "टाळ्या नकोत. थर न घालताही वीज तेवढीच साठते. हे माझ्या विद्यार्थिनीनं, शिवलीलानं शोधलं. मी तिला लपवायला लावलं."

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "अहो, मग इतकी वर्षं जी वाढत होती, ती वीज कशानं वाढत होती?"

सरांनी शिवलीलाकडं पाहिलं.

तिसऱ्या रांगेत खुर्ची वाजली.

"सर," शिवलीला उठली होती, "मी सांगू?"