सलीलचा आल्बम

मेलबर्नला स्थायिक झालेल्या सलीलच्या बँडचा पहिला आल्बम आला, तेव्हा इकडे गुजरातेत अकोट्याच्या घरी मोहनाताईंनी लेकाची ती गाणी शास्त्रीय बैठकीसारखीच ऐकली: ताठ बसून, मांडीवर ताल धरून, संपेपर्यंत चकार शब्द न काढता.

"कसा वाटला, आई?" त्यांची लेक यशश्री हिने भीतभीतच विचारले.

"सगळी गाणी एकजात रडकी. ठेका उगाच रेंगाळतो. आणि तुझ्या दादाचा षड्ज अजूनही केसभर खालीच लागतो."

"अगं, या गाण्यांत तसंच गातात. तिकडे लोक केवढी दाद देताहेत!"

"देऊ देत. तिसरं गाणं पुन्हा लाव."

"म्हणजे आवडलं तर!" यशश्री खुलली. पण पहिली ओळ सुरू होताच मोहनाताईंनी हात वर केला.

"गाणं नको. त्याआधी तो श्वास घेतो ना, तेवढाच लाव."

डोळे मिटून त्यांनी तो श्वास पुन्हा पुन्हा ऐकला.

"फोनवर विचारलं की नुसतं 'मजामां', मजेत आहे, म्हणतो," त्या हलकेच म्हणाल्या. "छातीत घरघर आहे ग त्याच्या अजून. तिकडे ओव्याच्या पुरचुंडीनं कोण शेकत असेल?"