अडकलेला मेल

करी रोडच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या सुशांतने मेलवर नवा नियम बसवला. कुणाची जन्मतारीख आणि मोबाईल नंबर असलेला मेल त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. तासाभरातच पहिला मेल अडकला, तोही रेकॉर्ड सांभाळणाऱ्या शेवंतीताईंचा. एवढी सरळ बाई कुणाची माहिती बाहेर पाठवतेय? परवानगी मागताना कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'चांगलं स्थळ आहे, हातचं जाईल.'

त्याने जोडलेली फाइल उघडली. वर त्याचाच फोटो होता.

त्याने लगेच फोन लावला. "ताई, हा बायोडेटा आईने दिला?"

"हो रे. चुकलं का माझं?"

"उंची एक इंच कमी लिहिलीय. दुरुस्त करून पाठवा."

"आणि परत अडकला तर?"

"सोडायला मी बसलोय ना."