टॉवेलांच्या वाट्याचं दूध

बाळ पुन्हा ठसकलं. दोन घोट घेतले असतील-नसतील, तोच त्याचं तोंड सुटलं, नाकातून दूध आलं आणि अंगाची कमान करून ते असं रडायला लागलं, जसा काही आईनं चिमटाच काढला. ओढणीखालीच तिनं त्याला उभं धरलं, पाठ चोळली. दुधाची धार तिच्या गळ्यावर, बाळाच्या कपाळावर, पलंगाच्या कडेवर उडत राहिली. तिनं ती टॉवेलानं दाबून धरली.

"पुरत नाहीये त्याला," सासूबाई दाराबाहेरून म्हणाल्या. पाजताना त्या आत येत नसत. सुनेला अवघडल्यासारखं व्हायला नको. "छोटे साहेब रागावलेत. ओढून ओढून हाती काही लागत नाही म्हटल्यावर कुणीही रागावेल."

तिलाही तेच वाटत होतं. पहिलंच मूल. दूध कसं यायला हवं, हे तिला कुणी सांगितलं होतं? असंच उडत असेल सगळ्यांचं. ती लाँड्रीत कामाला होती. लोकांच्या कपड्यांवरचे नाही नाही ते डाग तिनं काढले होते, आणि आता स्वतःची एक ओढणी धड राहिली नव्हती. जे अंगात थांबतच नाही, सगळं कपड्यांतच जातं, ते पोराच्या पोटात काय जाणार, असा तिचा सरळ हिशेब होता.

गॅलरीतल्या दोरीकडे बघून सासूबाई म्हणायच्या, "टॉवेलांना पाजतेस नुसती. बघ, त्यांनी कसं बाळसं धरलंय."

हसायच्या, पण त्यांच्या जिवाला घोर लागला होता. त्यांच्या वेळी त्यांना दूध आलंच नव्हतं. शेजारणीनं त्यांच्या मुलाला पाजलं, आणि मग ती शेजारीण जन्मभर जिन्यात भेटली की विचारायची, "माझं पोर कसं आहे?" सुनेवर ती वेळ यायला नको, म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. दूध वाढवायची पूड आणली. ती कपभर गरम दुधातून सकाळ-संध्याकाळ सुनेच्या हातात यायची. सून मुकाट्यानं प्यायची. प्यायची आणि आणखी भिजायची. बाळ आणखी ठसकायचं. मग पुडीचा चमचा शिगोशीग व्हायचा.

वजनाचा काटा काही केल्या हलेना, तेव्हा घरात बाटली आली. नवरा बस चालवायचा. ड्यूटीवरून येताना त्यानं ती आणली आणि काही गुन्हा केल्यासारखी टेबलावर ठेवली. सासूबाईंनी बाळाला मांडीवर घेतलं. साहेबांनी एका दमात अर्धी संपवली, आजीकडे टक लावून बघत. दाराआड उभी राहून ती ते बघत होती आणि तिचा ब्लाउज पुन्हा भिजत होता.

"त्याला मी नकोय," ती नवऱ्याला म्हणाली. रडली वगैरे नाही. घरातली साखर संपलीय म्हणावं, तसं म्हणाली.

"असं कुठं असतं का?"

"असतं. बाटलीशी काही भांडण नाही त्याचं. माझ्याशीच आहे."

पुढं छातीत गाठी झाल्या, अंग तापलं, तेव्हा ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली. तपासून झाल्यावर तिनंच विचारलं, हे बंद करता येतं का?

"येतं," त्या म्हणाल्या. "पण नीट विचार करा. एकदा आटलं की परत आणणं फार अवघड."

तिचा विचार करून झाला होता. दूध आटवायच्या गोळ्या तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या. सासूबाईंना सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी दिलेला कप ती आता मोरीत ओतायची आणि विसळून परत नेऊन द्यायची. त्या विचारायच्या, "प्यालीस?" ती म्हणायची, "प्याले."

टॉवेल हळूहळू कोरडे राहायला लागले. शेवटची गोळी तिनं एका सकाळी चहाबरोबर घेतली.

त्याच दुपारी बाळाच्या दुधाचा डबा संपला म्हणून सासूबाई दुकानात गेल्या, आणि साहेब वेळेआधीच उठले. रडून रडून लालबुंद झाले. आता आपल्याकडे काही नाहीच, निदान आजी येईपर्यंत चोखत तरी पडेल, म्हणून तिनं त्याला जवळ घेतलं. ओढणी शोधायच्या भानगडीत ती पडली नाही.

त्यानं तोंड लावलं. एक घोट घेतला. श्वास घेतला. पुन्हा एक घोट. टॉवेल हातात धरून ती ठसक्याची वाट बघत राहिली. ठसका आला नाही. एरवी तिला ढकलणारी मूठ सैल झाली आणि तळवा तिच्या छातीवर पसरून पडला. मग त्यानं डोळे वर केले. तिच्याकडे बघायला लागला.

तिनं करंगळीनं त्याचं तोंड जरा सोडवलं. एक थेंब आला. टोकाशी जमला, लोंबला, सावकाश पडला. बऱ्याच वेळानं दुसरा. त्याचं तोंड तिथंच उघडं, वाट बघत. एवढंच झेपत होतं त्याला. एवढंसंच. इतके दिवस पोर तिच्याशी भांडत नव्हतं. बुडत होतं.

दाराचं कुलूप वाजलं. सासूबाई डबा घेऊन आल्या, खोलीच्या दाराशी थबकल्या, आणि मग आजवर कधी आल्या नव्हत्या तशा थेट आत आल्या. वाकून त्यांनी नातवाचं तोंड पाहिलं. घुटुक, घुटुक. त्यांनी डबा खाली ठेवला आणि मनगटानं डोळे पुसले.

"आलं गं बाई शेवटी दूध," त्या म्हणाल्या.

तिची नजर खुंटीवरच्या पर्सकडे गेली.

"पिऊ दे निवांत." सासूबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. "आता काय, रोजचंच आहे."