पाठीवरचे अनुस्वार

"बाबा, औषध तुम्हीच लावा हिला. कांजिण्या म्हणजे तुमचं खातं," असं म्हणत लेकीने गुलाबी औषधाची वाटी आणि दोन नंबरचा ब्रश म्हाताऱ्या पेंटरपुढे केला.

नात खिडकीजवळच्या स्टुलावर उघड्या पाठीने बसली होती. चौथा दिवस. पाठभर लाल पुटकुळ्या. नखं मुळापासून कापली होती, तरी हात सारखा मागे जाऊ बघत होता.

चाळीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. फूटपट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारा म्हणून त्याचं नाव होतं. लेक एवढीच असताना तिलाही कांजिण्या आल्या, तेव्हा दुकानातल्या रंगाच्या डब्यांमध्ये तिला बसवून त्याने दम भरला होता, "हलायचं नाही. तू आता पाटी आहेस." मग एकेका पुटकुळीवर नेमका ठिपका. "अनुस्वार तर आयतेच आलेत, अक्षरं तेवढी घालतो," असं म्हणून तो ठिपक्याखाली ब्रशने शब्द लिहायचा आणि तिने पाठीनेच तो ओळखायचा. गंमत. पंखा. 'भांडखोर' ओळखल्यावर ती केवढी फुगून बसली होती! पण त्या नादात खाजवायचं साफ विसरली. आजारपणाचेच दिवस ते, तरी आठवले की त्याला अजून गोड वाटायचं. तसे दिवस पुन्हा आले नाहीत.

हल्ली उजवा हात थरथरायचा. वर्षभर त्याने ते लेकीला कळू दिलं नव्हतं. तिच्याकडे आला की चहासुद्धा "गार होऊ दे जरा" म्हणत ती आत जाईपर्यंत प्यायचा नाही. पाट्या गेल्याचं दुःख त्याने पचवलं होतं. पण हा हात लेकीने बघावा, हे त्याच्या अगदी जिवावर आलं होतं.

आता मात्र सुटका नव्हती. त्याने ब्रश बुडवला. पहिलाच ठिपका पुटकुळी सोडून दोन बोटं खाली पडला. दुसरा लावताना ब्रश पाठीवर भलतीकडेच फिरून आला.

"चष्मा घरीच राहिला वाटतं," तो पुटपुटला.

चष्मा नाकावर होता. लेकीने आधी चष्म्याकडे पाहिलं, मग हाताकडे. तिला गलबलून आलं, पण ती एवढंच म्हणाली, "द्या, मी लावते." त्याने ब्रश दिला आणि हात मांडीखाली दडपून बसला. वर बघायचा त्याला धीर होईना.

लेकीचा हात बापावर गेला होता. चटचट ठिपके पडू लागले, एकही इकडचा तिकडे नाही. तिसऱ्याच ठिपक्याला नात वळवळली.

"तू नको ना! आजोबांना दे."

"अगं, चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांना."

"दिसायला कशाला हवं? त्यांचा ब्रश कसा थुईथुई नाचतो, सगळी खाज पळते," नात म्हणाली. "तुझा हात तर हलतच नाही."