परसातली रानकडवी

औषध कंपनीच्या तपासनीस देवस्थळींनी जेमाबाई पाडवीच्या रक्ताचा अहवाल दोनदा वाचला.

"आजी, तुमचं वय अठ्ठ्याहत्तर आणि पेशी पस्तिशीतल्या. कुठे वयाचा गंज म्हणून चढलेला नाही. साठीनंतर कंपनी कुणालाच तारुण्य टिकवणारं इंजेक्शन देत नाही. मग त्यातलं अल्कलॉइड तुमच्या रक्तात आलं कुठून?"

"परसातल्या रानकडवीतून. रोज सकाळी चहाच्या आधी चार पानं चावते. माझी आईही चावायची."

"त्या झाडावर आता कंपनीचा हक्क आहे. उद्या माणसं येऊन ते उपटून नेतील."

"नेऊ द्या," जेमाबाई म्हणाली. "पण दारात येऊन कुणी फांदी मागितली, तर आमच्यात नाही म्हणत नाहीत. झाडं उपटायची तुमची नोटीस गावात लागल्यापासून लोक मागतायत आणि मी देतेय. प्रत्येकाच्या परसात आता रानकडवी रुजलीय."

देवस्थळींनी कागद पुढे ओढला आणि पेन उघडलं. "कुणाकुणाला दिली? सगळी नावं सांगा."

जेमाबाई खुर्चीत नीट टेकून बसली.

"लिहा. पहिलं नाव तुमच्या आईचं. नोटीस लागली त्याच संध्याकाळी आल्या होत्या."