उलट्या बाजूनं

कर्वेनगरच्या गल्लीत सबनीसांची स्कूटर उलट्या बाजूनं शिरली आणि समोरून येणाऱ्या सायकलला धडकली. सायकलवरचा योनास, इथिओपियाहून शिकायला आलेला विद्यार्थी, रस्त्यावर आपटला. त्याचं कोपर सोलवटलं.

"डोळे काय मायदेशी ठेवून आलात?" स्कूटर सावरत सबनीस कडाडले. मागं त्यांची मुलगी हेमा बसली होती.

माणसं जमली. एकानं सायकल ओढून घेतली, दुसऱ्यानं योनासची कॉलर धरली. "पासपोर्ट दाखव! चौकीवर न्या रे याला."

"चूक माझी नाही," योनास अडखळत मराठीत म्हणाला.

"वा, मराठीही येतं! मग सांगा," सबनीस म्हणाले, "या शहरात तुम्हाला ओळखणारं आहे का कुणी? असेल तर बोलवा."

योनासनं क्षणभर हेमाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं मान खाली घातली. "कुणी नाही."

"खोटं बोलतोय तो!" हेमा ओरडली.

कॉलरवरची पकड आणखी आवळली. हेमा स्कूटरवरून उतरली आणि लोकांना बाजूला सारत योनासशेजारी जाऊन उभी राहिली.

"मी ओळखते याला, बाबा. रविवारी तुम्हाला भेटायला येणार आहे ना, तो हाच."