टिफनी सापडत नाही

"परत शून्य," क्लेमेंटीनकाकी म्हणाल्या. "माझी पोर काय हवेत गेली?"

फेबियनने मान पुढे करून पडद्याकडे पाहिलं. वय अठ्ठावीस, नर्स, पाचूबंदर. निकाल शून्य.

चर्चमागच्या खोलीतलं हे विवाह जुळवणी केंद्र. वसईतल्या साडेचारशे मुलामुलींची माहिती संगणकात होती, आणि त्यातून हवं ते स्थळ शोधून देणारा सर्व्हर फेबियनने फुकट बसवून दिला होता. नोकरी सॉफ्टवेअरची, घर गिरीजला, शनिवार केंद्राचा. लोकांच्या घरची माहिती मात्र ज्युलीबाईंच्या ताब्यात. अर्ज त्यांच्या कपाटात, ते संगणकात भरणाऱ्याही त्याच. फेबियनने सर्व्हर सांभाळायचा, कुणाचं पान उघडायचं नाही, असा फादरांचा नियम होता.

"कोनी मुद्दाम तर नाय केलं?" काकींनी विचारलं.

"कोण करणार, काकी? सेटिंगमध्येच काहीतरी गडबड आहे."

हे तो सलग चौथ्या शनिवारी म्हणत होता. पहिल्या शनिवारी त्याला वाटलं, सर्व्हर वयाला आकडा समजत नसेल. ते बदललं. दुसऱ्या शनिवारी सगळी यादी पुसून नव्याने बांधली. तिसऱ्या शनिवारी शोधाचे नियम एकेक करून तपासले. नवी नावं येत होती, जमलेल्यांची गळत होती, शिक्षण, गाव, उंची, सगळं बरोबर. फक्त काकींची टिफनी नाही. मग त्याने ज्युलीबाईंकडून एक खोटी मुलगी भरून घेतली. अठ्ठावीस वर्षांची, नर्स, पाचूबंदरची. ती ताबडतोब दिसली. दुपारपर्यंत तिच्यासाठी दोन फोनही आले, म्हणून तिला लगेच काढून टाकावं लागलं.

त्या फोननंतर फेबियनचं डोकं पार चालेनासं झालं.

तो काम करत असताना काकी शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. मासळीचा बाजार आटोपून आलेल्या असायच्या, आणि गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"दारू पितोस काय रे?"

"नाही, काकी."

"मंग वाडी कोन बघतं?"

दारूचा आणि वाडीचा काय संबंध, हे फेबियनला कळलं नाही. "मीच. सकाळी केळीला पाणी लावूनच निघतो."

"आनि आयशीला?"

"तिलाही मीच बघतो. गुडघे दुखतात तिचे."

"हं," म्हणून काकी पुन्हा पडद्याकडे बघायच्या. "दिसली काय?"

"नाही."

खरी पंचाईत वेगळीच होती. महिन्यापूर्वी टिफनी अर्ज भरायला स्वतः आली होती. नाव शोधात कसं येतं, कुणाला दिसतं, हे तिने फेबियनला वीसेक मिनिटं खोदून खोदून विचारलं. जाताना हसली. तेवढ्यावर फेबियन घायाळ झाला होता.

आता ती शोधात दिसू लागली की शंभर घरांत तिचा फोटो जाणार. त्यात बंदरावरचा, तिच्या घराला साजेसा एखादा असणारच. कोळ्यांची मुलगी गिरीजच्या वाडीत, पस्तिशी गाठलेल्या माणसाला कोण देतं? म्हणून शून्य दिसलं की त्याला बरं वाटायचं. बरं वाटलं की स्वतःची लाज वाटायची. आणि लाज वाटली की तो दुप्पट जोराने चूक शोधायला लागायचा.

आज त्याने शेवटचा उपाय केला. अख्खा सर्व्हर काढून टाकला आणि पहिल्यापासून पुन्हा बसवला. दोन तास गेले. काकी हलल्या नाहीत. ज्युलीबाईंनी मधे चहा दिला.

वय अठ्ठावीस, नर्स, पाचूबंदर. निकाल शून्य.

फेबियनने कीबोर्ड पुढे सारला.

"काकी, मला जमत नाही. दुसरा माणूस बोलवा."

"दुसरा कशाला?" काकी दचकल्याच. "तू हायेस ना!"

"मी नको. खरं सांगतो. ती सापडावी असं मला मनापासून वाटतच नाही. मला टिफनी आवडते. तुम्ही विश्वासाने माझ्याकडे येता, आणि मी हा असा. फादरांना मीच सांगतो, पुढच्या शनिवारपासून कुणीतरी दुसरा येईल."

फेबियनने पिशवी उचलली. काकींनी त्याच्याकडे नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या ज्युलीबाईंकडे वळल्या.

"काढ गो तो अर्ज. दाखव त्याला."

"फादरांचा नियम आहे," ज्युलीबाई म्हणाल्या.

"अर्ज माझ्या पोरीचा हाय. दाखव. माझं बघून झालं."

ज्युलीबाईंनी कपाट उघडलं आणि एक कागद त्याच्या हातात दिला. तारीख महिन्यापूर्वीची होती. खाली टिफनीची सही होती. शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: "माझं नाव शोधात दाखवू नये. मुलगा मी पसंत केला आहे, फेबियन, गिरीज. त्याला इतक्यात सांगू नये, आई आधी चार शनिवार येऊन त्याला बघणार आहे."